ढुंढिराज हे नाव लिहिण्याबाबत

दूधविनायक, काशी
माघ शुद्ध दशमी

तीर्थस्वरूप इरावतीताईस,

धाकट्या दिनानाथाचा साष्टांग नमस्कार. (गुडघे हे आठातलं एक अंग, ते सध्या वाकत नाही, तेव्हा हा नमस्कार सात अंगांचा समजून घ्यावा.) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं, बरं वाटलं. दुसऱ्या डोळ्याचं कधी आहे ते कळव. दाजींचा खोकला सांगलीच्या कोरड्या हवेत कमी असेल, अशी आशा आहे. इकडे परवापर्यंत इतकं धुकं होतं की गल्लीत समोरून येणारी गाय दिसायच्या आधी तिचा श्वास लागायचा. आता ऊन पडतं आहे. बाकी सगळे ठीक.

फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात येईल. आपलं फोनवरचं बोलणं कसं होतं ते तुला ठाऊक आहे. मी हॅलो म्हणतो, तू अर्धा तास बोलतेस आणि मग तुझं बिल वाढेल म्हणून ठेवून देतेस. यावेळी मला सांगायचं आहे. मृणालिनीने तुला कळवलंच असेल की नातू ढुंढिराज आपलं नाव लिहायला शिकला. ते खरं आहे. पण तो कसा शिकला आणि त्यात माझा वाटा किती, याबद्दल घरात दोन मतं आहेत, म्हणून सगळी हकीकत क्रमाने लिहितो.

सुरुवात मार्गशीर्षात झाली. शार्दूल ऑफिसातून येताना शाळेचा फॉर्म घेऊन आला. तुला आठवत असेल, बारशाला तू पाळण्याशी उभी राहून बजावलं होतंस की आपल्या बाबांचं नाव या घरात पुन्हा ऐकू आलं पाहिजे, आणि मुलाच्या सख्ख्या आत्याला बाजूला सारून तूच त्याच्या कानात ढुंढिराज म्हणालीस. तेव्हा शार्दूल आणि मृणालिनी काही बोलले नाहीत (तुझ्यासमोर सहसा कोणी काही बोलत नाही), पण जन्माच्या दाखल्यावरचा नावाचा रकाना त्यांनी चार वर्षं कोराच ठेवला होता, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांच्या मनात अनिमेष घालायचं होतं. कारणं त्यांच्याकडे तयार होती. मराठीत ढ म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. इंग्रजीत दहा अक्षरं लागतात. आणि हिंदीत मुलगा नुसता रस्त्यातून चालला तरी लोक म्हणणार, ढूँढो. मी म्हटलं, काशीत राहून ढुंढिराजाची लाज वाटते म्हणजे कमालच झाली, ज्या गणपतीचं दर्शन घेतल्याशिवाय विश्वनाथाचं दर्शन पुरं होत नाही त्याचं हे नाव आहे. शार्दूल म्हणाला, देवाला शाळेत जावं लागत नाही.

हे भांडण पुढे वाढलं असतं, पण मृणालिनी आवाज चढवत नाही. (बँकेत रोज शंभर लोकांचं ऐकून घेण्याची सवय आहे. तिच्याशी भांडायला गेलं की आपणच भांडखोर दिसतो.) तिने तोड काढली. फॉर्ममध्ये बाकी सगळं भरून, सह्या करून, नावाची जागा रिकामी ठेवायची. वसंत पंचमीपर्यंत मुलाने स्वतःचं नाव कोणी हात न धरता पाटीवर लिहिलं, तर ढुंढिराज कायम. नाहीतर अनिमेष. मी ताबडतोब कबूल झालो. छत्तीस वर्षं मी व्याकरण शिकवलं आहे. माझे विद्यार्थी दक्षिणेत जाऊन शास्त्रार्थ करून आले. चार अक्षरं शिकवायला दोन महिने म्हणजे मला सात आठवडे जास्तच वाटले.

पहिला आठवडा घरी गेला. त्यात मुलगा एवढंच शिकला की आजोबांनी पाटी काढली की लघवीला जायचं. तेव्हा मी त्याच्या बालवाडीतच जायचं ठरवलं. ही बालवाडी आपल्याच गल्लीत, देवळामागच्या दालनात नीरजा नावाच्या बाई चालवतात. आपला धरून अकरा मुलं. नीरजाबाईंनी मला दोन अटी घातल्या. मुलांच्या चुका काढायच्या नाहीत, आणि खुर्ची मिळणार नाही, मुलांच्या उंचीला बसावं लागेल. मला त्यांनी एक वीतभर उंचीचं स्टूल दिलं. त्यावर मी बसलो तो दुपारी सुट्टी झाल्यावरच उठलो, तेही दोघांच्या मदतीने.

पहिल्याच दिवशी नीरजाबाई पाणी भरायला आत गेल्या, तेवढ्यात मी विषयाला हात घातला. ढ हा मूर्धन्य वर्ण आहे, म्हणजे जीभ वर वळवून टाळूच्या सर्वांत उंच जागी लावली की तो उमटतो, हे सोप्या हिंदीत सांगितलं. मुलं मन लावून ऐकत होती. (माझे एम.ए.चे विद्यार्थी इतकं मन लावून ऐकत नसत.) अकराही जणांनी तोंडं उघडली आणि ती जागा बोटाने शोधायला लागली. सुश्रुत नावाचा एक गोलमटोल मुलगा आहे. त्याने ती जरा जास्तच आत जाऊन शोधली आणि सकाळची दूध-जलेबी माझ्या धोतरावर आली. नीरजाबाई पाण्याची बादली घेऊनच बाहेर आल्या होत्या, म्हणून बरं झालं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, काका, आधी हात, मग जीभ.

त्यांची पद्धत मला सुरुवातीला पोरकट वाटली. पाटी-पेन्सिल त्या देतच नाहीत. म्हणतात, या वयात मनगट कच्चं असतं, खांदा पक्का असतो, म्हणून लिहिणं खांद्यापासून सुरू करायचं आणि बोटांशी आणायचं. आधी अख्खा हात फिरवून हवेत रेघा. उभी, आडवी, अर्धा गोल. मग ओल्या कुंचल्याने अंगणातल्या भिंतीवर. भिंत वाळली की चूकही वाळून जाते. मग थाळीत रवा पसरून त्यात बोटाने. (रवा किती जिरतो ते विचारू नकोस, मुलं बोटं चाटतात.) आणि सगळ्यात शेवटी खडू. क, ख, ग या क्रमाने त्या जातच नाहीत. प्रत्येकाला त्याच्या नावापासून सुरू करायचं. त्यांचं म्हणणं, मुलाला कमळाशी काही देणंघेणं नसतं, स्वतःशी असतं. मी छत्तीस वर्षं मुलांना वर्णमालेच्या क्रमाने नेलं, तेव्हा हे मला पटलं नाही. पण पंधरा दिवसांत मुलांचे हात वळायला लागले, हे मला कबूल करावं लागलं.

फक्त एक अडचण झाली. वर्गात गंगा नावाची मुलगी आहे, शिंदे घाटावर होडी चालवणाऱ्याची. गंगा हे दोन अक्षरांचं नाव, त्यात ग दोनदा, एक टिंब आणि एक काना. शिवाय काशीत ते प्रत्येक भिंतीवर लिहिलेलं. ती ते तिसऱ्याच दिवशी लिहायला लागली. मग सुश्रुतने आपलं नाव सोडून गंगाच लिहिलं. (आईवडील नाव ठेवताना श्रु कसा काढतात हे का आठवत नाहीत, कोण जाणे.) मग मधुवंतीने लिहिलं. पौषाच्या मध्यावर अशी स्थिती आली की अकराच्या अकरा मुलं गंगा लिहीत होती आणि स्वतःचं नाव फक्त गंगाच लिहीत होती. ती सगळ्यांच्या थाळ्या पाहून कमरेवर हात ठेवून म्हणायची, ये भी मेरा, ये भी मेरा, आणि नऊ वाजता आणलेला सगळ्यांचा रवा स्वतःच्या थाळीत ओतून घ्यायची. आपला मुलगाही आनंदाने गंगा लिहायचा. सुरेख लिहायचा. नीरजाबाई त्याच्यासमोर त्याच्या नावाचं कार्ड ठेवत, तो ते उलटं करून त्यावर थाळी ठेवे. ढ हाताला जड जातो, असं मी धरून चाललो होतो. घरी येऊन मी त्याला ढगाचे, ढोलाचे, ढेकणाचे ढ काढून दाखवत होतो. काही उपयोग नव्हता.

मग एक दिवस बालवाडीतून परत येताना मी चपलेचा अंगठा सावरायला थांबलो. गल्लीत एक स्कूटर उभी होती, महिनाभराची धूळ होती तिच्यावर. मी मान वर केली तर सीटवर राज असं लिहिलेलं. ताजं. वर सरळ रेघसुद्धा ओढलेली. आणि आपला मुलगा बोट सदऱ्याला पुसत उभा. ताई, मला इतका आनंद झाला की मी रस्त्यातच त्या स्कूटरच्या पायरीवर बसलो. त्याला म्हटलं, अरे, हे तर येतंय तुला, मग पहिली दोन अक्षरं कुठे गेली?

तो म्हणाला, "ती नको."

"का नको?"

"ते म्हटलं की सगळे छुपतात. मला म्हणतात, ढूँढो. मी दहापर्यंत गिनती करतो. मग कोणी सापडतच नाही."

"मग तू काय करतोस?"

"उभा राहतो," तो म्हणाला.

मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की हे रोजचं होतं. सुट्टी झाली की नीरजाबाई मुलांचे डबे भरत असतात आणि मी त्या स्टुलावर अडकलेला असतो, तेव्हा मागच्या अंगणात हे चालायचं. दहा जण एका दमात नाहीसे. मुलांच्या मनात दुष्टावा नव्हता, नाव ऐकलं की गंमत सुचायची. आणि हा चार वर्षांचा पोर तिथे मधोमध उभा, त्यांच्या आया येऊन त्यांना हाका मारेपर्यंत. मी ज्या नावासाठी शार्दूलशी भांडलो, ते नाव घेतलं की याच्या भोवतीची माणसं निघून जात होती. मी त्याला घाईघाईने ढुंढिराजाची कथा सांगितली. ढुंढ् म्हणजे शोधणं, भक्तांना जे हवं ते शोधून देतो तो ढुंढिराज, म्हणून सगळे आधी त्याच्यापाशी येतात. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याला कोणी सापडतं का?" या शंकेवर कोणत्याही ग्रंथात उत्तर नाही.

 दुसऱ्या दिवशी मी सुट्टी व्हायच्या आधीच गंगा आणि मधुवंती यांना धरून स्टुलावरून उठलो. अंगणात आरडाओरडा झाला, ढूँढो, ढूँढो, आणि पायांचा आवाज झाला. मी जाऊन त्याचा हात धरला. म्हटलं, चल, आपण दोघं शोधू. तुला सांगतो, ते दालन मी लहानपणापासून पाहत आलो आहे, पण त्यात लपायच्या इतक्या जागा आहेत हे मला माहीत नव्हतं. तिघं पाण्याच्या ड्रममागे निघाली. दोघं घाटावरच्या पंड्यांच्या मिटून ठेवलेल्या जुन्या छत्र्यांत उभी होती. मधुवंती देवळातल्या नगाऱ्यामागे शिंकली. गंगा नीरजाबाईंच्या खुर्चीत सगळ्यांसमोर बसून राहिली होती, म्हणून ती फार वेळ दिसलीच नाही. प्रत्येक जण सापडला की ढुंढिराज त्याला हात लावून खात्री करून घ्यायचा. शेवटी राहिला सुश्रुत. तो जिन्याखाली होता. मी उत्साहाच्या भरात चारही पायांवर आत शिरलो आणि तिथे माझा डावा गुडघा जो अडकला तो हलेना. आत सुश्रुत, दाराशी मी. त्याला बाहेर येता येईना, मला मागे सरता येईना. दहा मुलांनी मिळून माझे पाय ओढले. सुश्रुत आत निवांतपणे डब्यातला पराठा खात होता, त्याने मलाही तुकडा दिला. अखेर समोरच्या लस्सीवाल्याची दोन माणसं आली. ती येईपर्यंत बाहेरून कोणीतरी माझ्या तळपायावर हात ठेवला आणि आपल्या मुलाचा आवाज आला, "आजोबा पण सापडले."

त्यानंतर दोन दिवस मी अंथरुणावर होतो. तिसऱ्या दिवशी काठी घेऊन जरा बाहेर जाऊन आलो. पाचव्या दिवशी पंचमी.

पंचमीला नीरजाबाईंनी दालनात सरस्वती मांडली होती. मुलं पिवळ्या कपड्यांत, आयाबाया भिंतीशी, शार्दूल सुट्टी घेऊन आलेला. मी मागे, खरोखरीच्या खुर्चीत. प्रत्येक मुलाने पुढे येऊन पाटीवर नाव लिहायचं आणि मग बुंदी घ्यायची. गंगाने दोन क्षणांत गंगा लिहिलं आणि वर रांगेत उभ्या असलेल्यांना ताकीद दिली की आज ज्याने त्याने आपलं लिहायचं. मधुवंतीने मधु लिहिलं आणि हात दुखला म्हणून सांगितलं. सुश्रुतने सुत लिहिलं. (सुत म्हणजे मुलगा. व्याकरणाच्या दृष्टीने मी हरकत घेऊ शकलो नाही.) मग आपला.

त्याने पाटी मांडीवर घेतली. ढ काढला. जरा लोळलेला होता, पण ढच. त्याखाली उकार, वर टिंब, लाडूएवढं. मग थांबला. तिथे अवघड जागा आहे. बोलताना वेलांटी मागून ऐकू येते आणि लिहिताना ती अक्षराच्या पुढे उभी करावी लागते. माझे मोठे विद्यार्थीही कधीकधी तिथे अडखळत. त्याने आधी वेलांटी उभी केली, मग तिच्या मागे ढ. मग राज, ते तर येतच होतं.  मुलं एका सुरात ओरडली, "लिख दिया, अब चलो, ढूँढो," आणि निम्मी मुलं बुंदी न घेताच पळाली.

नीरजाबाईंनी नंतर उलगडा केला. मी अंथरुणावर असताना मुलांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळ मागितला, आणि शोधणारा ढुंढिराजच हवा असा हट्ट धरला, कारण बाकी कोणाला सगळे सापडत नाहीत. तेव्हा नीरजाबाईंनी नियम केला की आधी शोधणाऱ्याने फळ्यावर आपलं नाव पुरं लिहायचं, मगच लपायचं. पहिल्या दिवशी त्याने राज लिहिलं तर दहा जणांनी पूरा लिखो, पूरा लिखो करून दालन डोक्यावर घेतलं. चौथ्या दिवसापर्यंत पुरं आलं. आता कोणी त्याला सोडून नाहीसं होत नाही. लपतात ते सापडण्यासाठी लपतात.

शार्दूल घरी येताना म्हणाला, बाबा, हरलो. मृणालिनीने त्याच्या पाटीचा फोटो काढला. तुझ्या आणि माझ्या बाबांचं नाव राहिलं, ताई. नीरजाबाईंचं म्हणणं माझा यात निम्मा वाटा आहे. शार्दूलच्या मते एक गुडघा. मी वाद घातला नाही.

दाजींना नमस्कार. दुसऱ्या डोळ्याला जप.

तुझा,
दिनानाथ

ता. क. तिसऱ्या दिवशी काठी घेऊन बाहेर गेलो असं वर लिहिलं आहे, कुठे गेलो ते लिहायचं राहिलं. शाळेत गेलो होतो. अंथरुणावर पडल्या पडल्या मला तो अंगणात एकटा उभा दिसत होता. वाटलं, या पोराने सगळ्यांसमोर पाटी कोरी ठेवावी, यापेक्षा आपणच आधी माघार घ्यावी. आणि ती शार्दूलच्या तोंडावर घ्यायला जीभ वळेना. घरात कोणी नव्हतं. मी कपाटातला फॉर्म काढला, रिकाम्या रकान्यात माझ्या उत्तम अक्षरात अनिमेष लिहिलं आणि खिडकीत देऊन पावती घेतली. ती माझ्या पंचांगात आहे. कपाट अजून कोणी उघडलेलं नाही. फॉर्मची शेवटची तारीख येत्या गुरुवारी आहे.

ता. क. दुसरा. तेव्हा खरं काम असं. तू मला एक पत्र पाठव, तारीख पौषातली घाल, आणि त्यात हुकूम कर की ढुंढिराज हे नाव तू परत घेतेस आणि मी ताबडतोब शाळेत जाऊन अनिमेष लिहून यावं. पत्र उशिरा मिळालं हे कोणालाही पटेल. तुला माझा राग आला असेल, तर तोही त्याच पत्रात लिही, म्हणजे ते खरं वाटेल.

ता. क. तिसरा. फोन करू नकोस.

* * *

आत्याबाईंना मृणालिनीचा नमस्कार. बाबांनी पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. पिन कोड बघायला उघडलं आणि वाचून गेले, माफ करा.

शाळेतून मला त्याच दुपारी फोन आला होता. म्हणाले, नाव दुसऱ्याच अक्षरात आहे, फार सुंदर आहे, पण खात्री करून घेतो. मी जाऊन तो फॉर्म परत आणला आणि नवा घेतला. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी नवा भरून दिला. त्यावरचं नाव मी घातलेलं नाही, ज्याचं त्याने लिहिलं आहे. शेवटची रेघ जन्मतारखेच्या रकान्यात गेली, पण त्यांनी चालवून घेतलं.

हे बाबांना मी सांगितलेलं नाही, कारण त्यांनी मला सांगितलेलं नाही. पण पंचमी झाल्यापासून ते बालवाडीत जात नाहीत. काम झालं म्हणतात. आई गेल्यानंतर सकाळी नऊला धुतलेला सदरा घालून ते दाराशी उभे राहिलेले मी या दोन महिन्यांतच पाहिले. नीरजाताईंकडे सुश्रुत रोज जिन्याखाली बघून येतो.

तेव्हा पत्र जरूर लिहा. नावाबद्दल काय वाटेल ते लिहा, तारीखही कुठलीही घाला. फक्त शेवटी एक ओळ घाला की सोमवारपासून त्यांनी पुन्हा बालवाडीत जायचं आहे. आमचं ते ऐकत नाहीत.